शाळा घरून चालू असताना गावातल्या मुलांचं आणि कर्मचाऱ्यांचं कौतुक कसं करावं

शाळेची इमारत बंद आणि अभ्यास फोनवर नाहीतर कार्यपत्रिकांवर चालू, अशा वेळी वर्षअखेरच्या कार्यक्रमाचा विषय निघाला की पहिली सूचना बहुतेक वेळा एकच असते. एक मोठी व्हिडिओ बैठक घेऊ, सगळे जमतील, नावं वाचू. गावातल्या शाळेसाठी ही सूचना यादीत सगळ्यात खाली ठेवा. डिसेंबर २०२० मध्ये युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून एक अहवाल काढला. त्यानुसार जगभरातल्या ३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नव्हतं. ग्रामीण घरांमध्ये हे प्रमाण तीन चतुर्थांशांच्या आसपास होतं. ज्या घरात नेट पोचत नाही तिथल्या मुलाला पडद्यावरचा सोहळा दुसऱ्या दिवशी शेजारच्यांकडून कळतो. आपण मागे पडलो असं त्याला वर्षभर वाटत आलेलं असतं, त्यावर नेमक्या कौतुकाच्या दिवशी शिक्कामोर्तब होतं.

म्हणून सगळी आखणी एका अटीवर करा: पटावरच्या प्रत्येक मुलाला एकाच दिवशी, एकसारखीच वस्तू हातात मिळाली पाहिजे. आधी कागद (प्रशस्तिपत्र), मग शिक्षकांचा आवाज आणि पडदा शेवटी, असा क्रम धरा. कागद आणि आवाज नीट जमले तर पडद्यावाचून काही अडत नाही.

पुढचे हिशेब १२० मुलं, ७८ घरं, ६ वर्गशिक्षक आणि ९ इतर कर्मचारी असलेल्या शाळेचे आहेत. आपल्या पटाप्रमाणे आकडे बदलून घ्या. तयारीला तीन आठवडे लागतात. दोन आठवड्यांत उरकता येतं, पण मग नावांच्या चुका राहतात.

आधी यादी

हजेरीपटाची नक्कल काढून चालत नाही. नवी यादी करा आणि तिच्यात प्रत्येक मुलापुढे एवढं लिहा: नाव, इयत्ता, घर कुठल्या वस्तीवर, भावंडं कोण, फोन कुणाकडे असतो आणि तो माणूस किती वाजता घरी येतो, फोन साधा की स्मार्ट, मूल सध्या खरंच त्या घरी राहतंय का, आणि फोटोला घरच्यांची परवानगी आहे का.

यातल्या शेवटून दुसऱ्या रकान्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. शाळा बंद पडल्यावर बरीच मुलं आजोळी, आत्याकडे किंवा आईवडिलांबरोबर कामाच्या ठिकाणी गेलेली असतात. फोनवर अभ्यास पाठवला जातो, तो घेतलाही जातो, त्यामुळे मूल गावात नाही हे शिक्षकांच्या ध्यानात येत नाही. हे घरोघरी पाकिटं द्यायच्या फेरीच्या दिवशी दारात कळलं तर फार उशीर होतो.

नाव घरी फोन करून विचारा आणि मुलाच्या किंवा आईच्या तोंडून ऐका. ऐकताना त्याच फोनवर आवाज नोंदवता आला तर उत्तम, म्हणजे पुढे नाव वाचणाऱ्याला उच्चार कळतो. मग लिहिलेलं नाव अक्षर-अक्षर वाचून दाखवा. पटावरच्या नावात कित्येकदा पहिलीत दाखल करतानाची चूक तशीच पुढे चालत आलेली असते. प्रशस्तिपत्र घरात वर्षानुवर्षं भिंतीवर राहतं, आणि चुकलेली वेलांटी रोज दिसते.

एका मुलासाठी एक वाक्य

सगळ्या खटाटोपाचा गाभा हाच आहे, आणि घाई होते तीही इथेच. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक या काळात काढू नका. ज्याच्या घरी फोन नव्हता, किंवा एकाच फोनवर तीन भावंडं शिकत होती, त्याचे गुण इतरांच्या गुणांशी लावून बघण्यात अर्थ नाही. त्याऐवजी वर्गशिक्षकांनी प्रत्येक मुलाबद्दल एकच वाक्य लिहावं, आणि त्यात त्या मुलानं घरून शिकताना प्रत्यक्ष केलेली एक गोष्ट असावी.

‘अभ्यासात चांगली प्रगती, असेच प्रयत्न चालू ठेव’ हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. ‘चुकलेला भागाकार तू खोडून टाकला नाहीस, शेजारी पुन्हा करून दाखवलास’ हे वाक्य एकाच मुलाचं असतं. ‘धाकट्या भावाला मांडीवर घेऊन तू रोज संध्याकाळी फोनवर पाठ वाचून दाखवलास’, ‘नेटवर्क गेलं तरी तू उत्तरं वहीत लिहून ठेवलीस आणि आठवड्यानं सगळी एकदम आणून दिलीस’, अशी वाक्यं हवीत. वाक्य लिहून झालं की एक कसोटी लावा: नाव झाकून वर्गातल्या दुसऱ्या मुलाला ते देता येतं का? येत असेल तर पुन्हा लिहा.

एका वाक्याला सरासरी पाच मिनिटं लागतात. १२० वाक्यांचे दहा तास होतात, पण सहा शिक्षकांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला वीस मुलं आणि शंभर मिनिटं येतात. ती एका बैठकीत संपवू नका. दहाव्या मुलानंतर शब्द तेच तेच येऊ लागतात आणि उरलेल्या दहांना पहिल्या दहांची झेरॉक्स मिळते. रोज पाच मुलं घेतली की चार दिवसांत काम होतं.

ज्या मुलाशी वर्षभर संपर्कच झाला नाही त्याचं काय लिहायचं, हा प्रश्न प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलांबाबत येतोच. त्या घरी आधी फोन करा किंवा जाऊन या, आणि मूल सध्या दिवसभर काय करतं ते विचारा. जनावरं सांभाळतं, पाणी आणतं, आजीला औषध वेळेवर देतं, यातलं काहीही खरं असेल तर तेच लिहा. ‘संपर्क होऊ शकला नाही’ हे वाक्य कौतुकाच्या कागदावर येता कामा नये, आणि जे घडलं नाही तेही लिहू नका. खोटी स्तुती मुलाला लगेच कळते.

घरातली गरिबी, आजारपण, कुणाचा मृत्यू यांचा उल्लेख मुलाचं धैर्य दाखवण्यासाठीसुद्धा टाळा. हे वाक्य पुढे मोठ्या आवाजात वाचलं जाणार आहे आणि शेजारीपाजारी ते ऐकणार आहेत.

प्रशस्तिपत्र आणि पाकीट

ए-४ ऐवजी ए-५ आकार घ्या. एका ए-४ कागदावर दोन बसतात, म्हणजे १२० मुलांना ६० कागद पुरतात. वर सहा कागद जास्तीचे ठेवा. कागद जाडसर, २०० ते २५० जीएसएमचा घ्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). नेहमीचा ७०–८० जीएसएमचा कागद दमट हवेत वळतो आणि पाकिटात मुडपतो. घरचा किंवा शाळेचा प्रिंटर जाड कागद ओढत नसेल तर मागच्या सरळ मार्गानं एकेक कागद घालून बघा, आणि आधी एकच छापा.

मराठी मजकुराची एक ठरलेली अडचण आहे. जुन्या, युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. काही जुन्या प्रोग्रॅममध्ये युनिकोड मजकूरही फुटतो, जोडाक्षरं सुटी होतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, छापायला पीडीएफ करूनच द्या, आणि ती पीडीएफ दुसऱ्या फोनवर उघडून जोडाक्षरं असलेली पाच-सहा नावं डोळ्यांनी तपासा.

प्रशस्तिपत्रावरचं वाक्य शिक्षकांनी हातानं लिहिलं तर त्याची किंमत वेगळीच असते, आणि वेळही फार जात नाही. छापील चौकट, मुलाचं छापील नाव, खाली तीन ओळींची मोकळी जागा एवढं पुरे. बॉलपेन किंवा न पसरणारी शाई वापरा. लॅमिनेशन करायचं असेल तर सह्या आधी घ्या, कारण नंतर प्लॅस्टिकवर पेन टिकत नाही. इंकजेटवर छापलेला कागद रात्रभर सुकू द्या, नाहीतर ओल पाऊचमध्ये अडकते आणि रंग फुटतो. ए-५ साठी १२५ मायक्रॉनचा पाऊच पुरेसा ताठ राहतो.

पाकिटात प्रशस्तिपत्राबरोबर आणखी दोनच गोष्टी घाला. एक कोरं पोस्टकार्डाएवढं कार्ड, त्याचा उपयोग पुढे येतो. आणि अर्ध्या पानाची चिठ्ठी: फोनवर आवाजाची फाइल कधी येईल, साधा फोन असेल तर कुणाचा फोन येईल. खाऊ, फुगे, खेळणी घालायचा मोह होतो. पण तिथे एकाला लाल आणि दुसऱ्याला निळं मिळालं की भावंडांत भांडण लागतं. फुगे तर शेतात उडून जातात आणि जनावरांच्या तोंडात येतात.

पाकिटं घराप्रमाणे लावा, इयत्तेप्रमाणे नाही. एका घरातली तीन भावंडं तीन वर्गांच्या गठ्ठ्यांत विखुरली की एखादं पाकीट हमखास मागे राहतं. एका घराची पाकिटं रबरानं बांधा, वर घराचा क्रमांक टाका आणि फेरीच्या उलट क्रमानं रचा, म्हणजे पहिलं घर सगळ्यात वर येईल.

आवाज

प्रत्येक मुलाचं नाव आणि त्याचं वाक्य त्याच्या शिक्षकांच्या आवाजात. एका मुलाला १५ सेकंद धरले तर वीस मुलांच्या वर्गाची फाइल पाच मिनिटांची होते. शाळेची सगळी मिळून अर्धा तास. सगळी जोडून एकच फाइल करू नका. पालकांना आपल्या मुलाचं नाव शोधत बसावं लागतं, आणि अर्ध्यावर नेट तुटलं की पुढच्या वर्गांची नावं कुणी ऐकत नाही.

फोनवरच नोंदवा, वेगळा माइक लागत नाही. फोन विमान मोडवर टाका, म्हणजे मधे कॉल येऊन नोंद तुटणार नाही. पंखा बंद करा. रिकाम्या वर्गखोलीत आवाज घुमतो, त्यापेक्षा घरातली गाद्या-कपड्यांची खोली चांगली. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला धरा. अगदी समोर धरला तर प, फ, भ म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळून फट्-फट् होतं. दोन नावांमध्ये दोन सेकंद थांबा.

फाइल मोनो (एकाच वाहिनीची) आणि ३२ केबीपीएसला (सेकंदाला ३२ किलोबिट) साठवली की मिनिटाला २४० केबी होतात, म्हणजे पाच मिनिटांची फाइल सव्वा एमबीच्या आतच राहते. बोलण्यासाठी हा दर्जा पुरतो. नेटवर्क इतकं मंद असलं की १०० केबीपीएसच मिळतात, तरी ती दीड-दोन मिनिटांत उतरते. हीच गोष्ट व्हिडिओ करून पाठवली तर ३६० पी ला मिनिटाला चार एमबीच्या आसपास जातात.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना ब्रॉडकास्ट यादीवर भिस्त ठेवू नका. ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही, आणि पाठवणाऱ्याला ते सहजासहजी कळतही नाही. वर्गाच्या गटावर पाठवा आणि त्या दिवसापुरतं ‘फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतील’ असं करून ठेवा. नाहीतर दहा मिनिटांत अभिनंदनाच्या चित्रांखाली फाइल दिसेनाशी होते. संध्याकाळी गट पुन्हा मोकळा करा.

साधा फोन असलेल्या घरांसाठी सामूहिक कॉल करा. बहुतेक फोनवर करणाऱ्याखेरीज पाच जण एकत्र जोडता येतात. पहिल्याला लावायचा, मग ‘कॉल जोडा’ दाबून दुसऱ्याला, तो बोलू लागला की ‘एकत्र करा’, असं पुढे. वर्गातल्या वीसपैकी आठ घरी साधा फोन असेल तर चार-चारांचे दोन कॉल करा. पाचवी जागा मोकळी असलेली बरी, कारण एखादा तुटला की पुन्हा जोडायचा असतो. या कॉलवर नोंदवलेली फाइल फोनला फोन लावून ऐकवू नका, आवाज चेपतो आणि नाव कळत नाही. शिक्षकांनी पुन्हा वाचावं. या मुलांना त्यामुळे शिक्षकांशी दोन शब्द बोलायला मिळतात, ते स्मार्टफोनवाल्यांना मिळत नाहीत. वेळ असेल तर त्यांनाही असे कॉल करा.

जवळपास सामुदायिक रेडिओ असेल तर केंद्राला आधी दोन आठवडे भेटा, सगळ्या वर्गांची मिळून अर्ध्या तासाची नोंद द्या आणि प्रसारणाची वेळ पाकिटातल्या चिठ्ठीत छापा. रेडिओसाठीची नोंद दाबलेली नको, मूळ दर्जाचीच द्या.

घरोघरीची फेरी

७८ घरं एका गाडीनं होत नाहीत. तीन गाड्या घेतल्या तर प्रत्येकीला २६ घरं. दारात ४ मिनिटं आणि दोन घरांमध्ये सरासरी ३ मिनिटं धरली तर १०४ अधिक ७५, म्हणजे जवळजवळ तीन तास. चढणीचे, खडीचे रस्ते असतील तर चार धरा. तिन्ही गाड्या एकाच वेळी निघाल्या पाहिजेत. एका वस्तीचं आज आणि दुसऱ्या वस्तीचं उद्या केलं की दुसरी वस्ती दुय्यम ठरते.

वेळ शेतीची कामं बघून ठरवा. काढणीच्या दिवसांत सकाळी आठला घरात फक्त म्हातारी माणसं सापडतात. अशा वेळी दुपारी चारनंतर निघा आणि सगळ्यात लांबची वस्ती आधी घ्या. परतीचं अंतर उजेडात कापलेलं चांगलं. फेरीच्या दोन दिवस आधी त्याच वाहनानं मार्ग फिरून या आणि गाडी वळवायला जागा कुठे आहे ते नकाशावर खुणावून ठेवा. तीन चाकांपुरती वाट असलेल्या वस्तीवर मोठी गाडी नेली तर ती मागे घेण्यातच अर्धा तास जातो.

प्रत्येक गाडीत चौघं पुरेत: चालक, वाचणारे शिक्षक, पाकीट देणारे पालक आणि यादीवर खूण करणारा एक जण. खूण पाकीट हातात पडल्यावरच करायची.

दारातली चार मिनिटं अशी जातात. गाडी घरापासून दहा-बारा मीटरवर थांबते, इंजिन बंद. मूल बाहेर येईपर्यंत थांबायचं, त्याला तोंड धुवून येऊ द्यायचं. शिक्षक मुलाकडे बघून नाव आणि वाक्य वाचतात, एकदाच, सावकाश. मग पाकीट मुलाच्या हातात, घरच्यांच्या नाही. नंतर घरच्या मोठ्या माणसाला एक वाक्य, मुलाला अभ्यासाला बसवल्याबद्दल. घरात तीन मुलं असतील तर तिघांचं वेगवेगळं वाचायचं, थोरल्यापासून सुरू न करता धाकट्यापासून. शाळा साथीमुळे बंद असेल तर उंबरा ओलांडायचा नाही, दोन मीटर अंतर ठेवायचं, मास्क घालायचा, आणि पाकीट ओट्यावर ठेवून मागे सरायचं.

ध्वनिक्षेपक नेणार असाल तर स्थानिक परवानगी आधी घ्या. बारा व्होल्टचा ४० वॅटचा अॅम्प्लिफायर आणि एक कर्णा पुरतो. पूर्ण आवाजात तो ५ अँपिअरच्या आसपास ओढतो. सात अँपिअर-तासांची छोटी बॅटरी फक्त नावं वाचण्यापुरती वापरली, म्हणजे दर घरी मिनिटभर, तर २६ घरं आरामात होतात. वाटेत गाणी लावत गेलात तर ती निम्म्या रस्त्यातच बसते आणि शेवटच्या दहा घरांना कर्णा मिळत नाही. गाडीच्याच बॅटरीवर इंजिन बंद ठेवून अॅम्प्लिफायर चालवू नका, पुढच्या वस्तीवर गाडी ढकलावी लागेल.

कर्णा गाडीच्या पुढच्या बाजूला, तोंड पुढे. वाचणारा माइक घेऊन गाडीच्या मागे. माइक कर्ण्याच्या तोंडासमोर आला की कर्ण्यातला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि किंचाळी उठते. ती उठली तर आवाज कमी करण्याआधी माइक फिरवा. आवाज निम्म्यावर ठेवूनच सुरू करा, आणि कर्ण्याचं तोंड गोठ्याकडे कधीच नको. दावणीला बांधलेलं जनावर बुजलं की कुणीतरी जखमी होतं. फटाके तर या फेरीत कुठेच नकोत.

शाळेच्या फाटकावरचा फलक

सहा बाय चार फुटांच्या एका फलकावर १२० नावं बसतात, पण अक्षरं एक इंच उंचीची घेतली तरच. मराठीत वर मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून ओळींमध्ये पावणेदोन इंच सोडावे लागतात. २४ ओळींना ४२ इंच, वरचे सहा इंच शीर्षकाला, आणि रुंदीत पाच रकाने. एक इंचाचं अक्षर साधारण दहा फुटांवरून स्वच्छ वाचता येतं. त्यामुळे हा फलक लोक जवळ उभे राहू शकतील अशा जागी लावा. रस्त्यावरून तीस फुटांवरून वाचायचा असेल तर अक्षर तीन इंचांचं लागतं आणि एका फलकावर २०-२४ नावंच मावतात. मग वर्गागणिक एक असे सहा फलक करा. नावं इयत्तेप्रमाणे आणि त्यात अकारविल्हे लावा. मुख्याध्यापकांचे आणि पाहुण्यांचे फोटो घालू नका, तेवढ्या जागेत वीस मुलं बसतात.

वाऱ्यानं फलक खालच्या कोपऱ्यांपाशी फाटतो. वरच्या कडा तारेनं घट्ट बांधा आणि खालच्या कोपऱ्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावा, म्हणजे झोत आला की ताण सुटतो. छापायला देण्याआधी यादी तीन वेगवेगळ्या माणसांनी वाचायची, त्यातला एक गावातला, शाळेबाहेरचा.

कर्मचाऱ्यांचं कौतुक कर्मचाऱ्यांवर टाकू नका

शिक्षकांनी स्वतःच्याच सत्काराची तयारी करावी असं बऱ्याच ठिकाणी घडतं. हा भाग पालक आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी सांभाळावा. पाच जण पुरतात.

कर्मचाऱ्यांची यादी करताना शिक्षकांवर थांबू नका. शाळा बंद असतानाही कुणीतरी इमारत झाडत होतं, कुणी कार्यपत्रिकांचे गठ्ठे लावत होतं, कुणी ते वस्तीवर नेत होतं, कुणी स्वयंपाकघरातलं धान्य राखत होतं, कुणी रात्री राखण करत होतं. मुलांसाठी लावलेली एका वाक्याची कसोटी इथेही लावा. ‘निःस्वार्थ सेवेबद्दल’ यापेक्षा ‘पावसात गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेले, एकही भिजू दिला नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्याला पटतं.

पाकिटातलं कोरं कार्ड इथे कामी येतं. मुलांनी त्यावर कुणाही एका कर्मचाऱ्याला चार ओळी लिहायच्या किंवा चित्र काढायचं. गडद पेननं, कारण पेन्सिल छापताना पुसट येते. कार्यपत्रिका घ्यायला-द्यायला पालक जिथे येतात तिथेच पेटी ठेवा आणि आठ दिवस द्या. चार-पाच दिवसांनी पेटी उघडून मोजा. लाडक्या शिक्षकांना वीस कार्डं आणि सफाई करणाऱ्या ताईंना एक, असं जवळजवळ नक्की निघतं. उरलेल्या दिवसांत एकेका वर्गाला एकेका कर्मचाऱ्याचं नाव सुचवा, आणि प्रत्येकाला निदान पाच कार्डं होतील असं बघा.

मूळ कार्डं ज्याची त्याला द्या. त्याआधी त्यांचे फोटो काढून पुस्तिका करता येते. फोटो खिडकीपाशी, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून, फोन कागदाला समांतर धरून काढा आणि व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि छापल्यावर अक्षरं धुरकट येतात. मधे दुमडून पिन मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. ए-५ ची सोळा पानं म्हणजे ए-४ चे चार कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले. बाहेरच्या कागदाच्या एका अंगाला १६ आणि १, दुसऱ्या अंगाला २ आणि १५ येतात. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘बुकलेट’ निवडलं की हे आपोआप होतं, फक्त कागद आखूड बाजूनं उलटला जातोय ना ते बघा, नाहीतर मागची पानं उलटी छापली जातात.

ही भेट मुलांच्या फेरीच्या दिवशी देऊ नका. त्या दिवशी शिक्षक कामात असतात. पेटी बंद होऊन कार्डं लावून झाली की, त्यांच्या घरी जाऊन द्या.

पडदा, हवाच असेल तर

वर्गवार बैठका घ्या, पंचवीस मिनिटांच्या. मोफत खात्यावर झूमची सामूहिक बैठक ४० मिनिटांत आणि गुगल मीटची ६० मिनिटांत बंद होते. १२० जणांची एकच बैठक ठेवली तर शेवटच्या वर्गाची नावं वाचताना पडदा काळा होतो, शिवाय दोन्हीकडे मोफत मर्यादा १०० जणांची आहे.

एकत्र गाणं गाण्याचा बेत सोडून द्या. प्रत्येक घरातला आवाज वेगवेगळ्या उशिरानं पोचतो. शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा फरक बोलताना जाणवत नाही, गाताना ताल पूर्ण मोडतो. गाणं हवंच असेल तर प्रत्येकानं कानात मूळ चाल ऐकत आपापल्या फोनवर गाऊन नोंदवावं, सुरुवातीला एक टाळी वाजवावी, आणि जोडणाऱ्यानं त्या टाळ्या जुळवून घ्याव्यात. बैठकीत टाळ्या वाजवण्याचा बेतही सोडा. आवाज स्वच्छ करणारी यंत्रणा टाळीला गोंगाट समजून गाळते आणि मुलाला फक्त शांतता ऐकू येते. सगळ्यांचे माइक बंद ठेवा आणि दोन्ही हात वर करून हलवायला सांगा. नाव घेतल्यावर तेवढ्या मुलाचा माइक उघडा.

कॅमेरा सुरू करण्याची सक्ती नको. डेटा जातो, आणि घरचं आतलं सगळ्यांना दाखवायची प्रत्येकाची तयारी नसते.

फोटोंबाबत थोडक्यात: परवानगीच्या रकान्यात ‘नाही’ असेल त्या घरी फेरीत फोन खिशात ठेवा. ‘होय’ असेल तिथेही मुलाचं पूर्ण नाव आणि घराचा ठावठिकाणा एकाच फोटोखाली लिहून बाहेर पाठवू नका.

उरलेली पाकिटं

फेरी संपली की तिन्ही याद्या त्याच संध्याकाळी एकत्र करा. खूण नसलेली पाच-सात नावं निघतातच. गावातच असलेल्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षकांनी स्वतः जाऊन पाकीट द्यावं, शेजाऱ्याकडे ठेवून येऊ नये. परगावी गेलेल्यांची पाकिटं फेरीच्या आठ दिवस आधीच, लांबचा पल्ला असेल तर त्याहून आधी, पुठ्ठा घालून टपालानं गेलेली असावीत. फेरीच्या दिवशी त्या मुलांना शिक्षकांनी फोन करून वाक्य वाचायचं आणि पाकीट पोचलं का ते विचारायचं. पोचलं नसेल तर प्रशस्तिपत्राचा फोटो लगेच पाठवा आणि जास्तीच्या कागदांवर दुसरी प्रत लिहून टाका. पत्ताच लागला नाही अशा मुलाचं पाकीट शाळेच्या कपाटात, वर नाव लिहून, वर्गशिक्षकांच्या ताब्यात ठेवा आणि ते कुणाकडे आहे याची नोंद नव्या वर्षाच्या हजेरीपटात त्या मुलाच्या नावापुढे करा.